विश्लेषण : नुसती फाइल उघडणेही धोक्याचे? ‘इमॅक्स’ची नवी आवृत्ती काय बदलते?

हवे तसे बदलून घेता येणारा टेक्स्ट एडिटर म्हणून प्रोग्रामर मंडळींमध्ये ‘इमॅक्स’ प्रसिद्ध आहे. 1976 मध्ये एमआयटीत त्याचा जन्म झाला. रिचर्ड स्टॉलमन यांचे ‘ग्नू इमॅक्स’ हे आजचे मोफत रूप 1985 पासूनचे. त्याची 30.1 ही आवृत्ती 23 फेब्रुवारी 2025 रोजी आली. ती अँड्रॉइड फोनवरही चालते, याचीच चर्चा जास्त झाली. खरा महत्त्वाचा बदल मात्र सुरक्षेचा आहे.

फाइल उघडण्यात धोका कसला?

इमॅक्सचा मोठा भाग ‘लिस्प’ भाषेत लिहिलेला आहे. वापरकर्ता त्यात स्वतःचा कोड घालू शकतो. हीच मोकळीक अंगाशी येते. लिस्प प्रोग्रामचा अर्थ लावताना त्यातील ‘मॅक्रो’ हे तुकडे प्रत्यक्ष चालवावे लागतात. लिहिता लिहिता चुका दाखवणारी ‘फ्लायमेक’ ही सोय नेमके तेच करते. ती सुरू असेल, तर अनोळखी माणसाने पाठवलेली लिस्प फाइल फक्त वाचायला उघडली तरी तिच्यातील घातक कोड संगणकावर चालू शकत होता.

मग आता काय बदलले?

विश्वासार्ह फाइल आणि फोल्डरांची यादी वापरकर्त्यानेच करायची आहे. यादीबाहेरच्या फाइलची अशी तपासणी होत नाही. त्यामुळे स्वतःच्याच फाइलमधील चुकांच्या खुणा अचानक गायब झाल्याने काही जण गोंधळतील. आपले फोल्डर यादीत घातले की त्या परत दिसतात. ‘सगळ्यावर विश्वास’ असाही पर्याय आहे, पण तो निवडणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणे. खास घडवलेल्या लिंकमधून संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवू देणारी आणखी एक त्रुटीही या आवृत्तीत बुजवली आहे. त्यामुळे जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी अपडेट लांबवू नये.

फोनवर कसे चालते?

इमॅक्सचे पान ‘कंट्रोल’ आणि ‘ऑल्ट’शिवाय हलत नाही. फोनच्या कीबोर्डवर ती बटणे सहसा नसतात, म्हणून ती स्क्रीनवर दाखवणारी पट्टी दिली आहे. एखादे काम अडकले तर आवाज कमी करण्याचे बटण झटपट दोनदा दाबून ते थांबवता येते. तरी मोठे लेखन वेगळ्या कीबोर्डशिवाय जिकिरीचेच.

मोडी लिपीत टंकलेखनाची सोय मात्र 2023 मधील 29 व्या आवृत्तीतच आली आहे. त्यासाठी मोडीचा फॉन्ट तेवढा हवा.