सांगोल्याचा प्रवेश

छत्रपतींची सत्ता व्यवहारात पेशव्यांच्या हाती देणाऱ्या सांगोल्याच्या कराराला सप्टेंबर २०२५मध्ये २७५ वर्षे पूर्ण झाली. इतिहासवेड्या मंडळींसाठी ते वर्ष भरगच्च होते. फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट लागला, जुलैत रायगड, राजगड, पन्हाळ्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. मधल्या मार्चमध्ये आलेली एक बातमी मात्र बोचली. चित्रपटातला मुघली खजिना आपल्याच शिवारात पुरलेला असेल, या आशेने बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते उकरू लागले होते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. नाणी जमवण्याचा छंद आणि इतिहासातली पात्रे अंगावर घेण्याचा छंद गेल्या पंधरा वर्षांत ज्या वाटेने गेले, ती वाट तिथेच जाऊन पोचते.

त्याआधीच्या काळावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, आणे-पै पेटीत गेले, आणि पुढे कित्येक वर्षे नाणी जमवणे हे टपाल तिकिटे आणि काडेपेट्यांची चित्रे जमवण्याच्या रांगेतले काम राहिले. नाशिकजवळ अंजनेरीला १९८०मध्ये नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तरी तालुक्याच्या गावांना तिचा फारसा उपयोग होण्याजोगा नव्हता. खरी उलथापालथ २०११ ते २०२१ या दशकातली. ३० जून २०११ला चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली आणि घरोघरचे डबे उघडले गेले. तळाशी भोकाचा पैसा होता, क्वचित एखादी शिवराईही होती. याच सुमारास हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आला. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर अशा गावांतला माणूस प्रथमच आपली शिवराई दुसऱ्याच्या शिवराईशी ताडून पाहू शकत होता. शिवराई नीट पाहणे हे शिक्षणच आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून एका नाण्यावर नुसते ‘राजा’ नीट उमटते, दुसऱ्यावर ‘छत्र’चा अर्धाच भाग. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. दहा नाणी शेजारी ठेवली, वजने केली, अक्षरांची वळणे पाहिली, की कोणते आधीचे आणि कोणते पेशवाईच्या उतरणीचे याचा अंदाज बांधता येतो. पदवी नसलेला माणूस पुरावा वाचायला शिकतो, तो असा.

हे दशक पुरते संपण्याआधीच त्या शिक्षणाची जागा भावाने घेतली. २०१२च्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट घरबसल्या श्रीमंत करते, असे सांगणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. रिझर्व्ह बँकेच्या नावाने लोकांकडून पैसे उकळले जाऊ लागले आणि ऑगस्ट २०२१मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. ज्यांनी हे केले त्यांनी नुसते खिसे कापले नाहीत, एका चांगल्या सवयीचा गळा घोटला. कारण भाव मिळावा म्हणून चिंचेने घासून लखलखीत केलेल्या शिवराईवरचा शतकांचा थर निघून जातो, आणि ती कोणत्या गावच्या पांढरीत सापडली हे सांगणे तर विकणारा मुद्दामच टाळतो. त्याला कायद्याची भीती असते. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. डाळिंबाच्या बागेसाठी शेततळे खोदताना जेसीबीच्या बकेटमध्ये नाण्यांचे मडके आले, तर आजही ते तहसील कचेरीपेक्षा सोनाराकडे आधी जाण्याची शक्यता अधिक.

दुसऱ्या छंदाचेही तेच झाले. रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा, पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमण, मर्दानी खेळांची पथके, शिवजयंतीच्या मिरवणुकीतले मावळे, हे सगळे याच वर्षांत फोफावले. त्यामागची माया खरी आहे. पण या सगळ्यांत पात्राला ठरवायचे काही नसते. संवाद ठरलेले, शेवट ठरलेला. स्कँडिनेव्हियात ज्याला जिवंत भूमिकाखेळ म्हणून मान आहे, त्याचा गाभा उलटा असतो: पात्र घेतलेल्या माणसाला मर्यादित माहितीवर, स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जची लढाई दरवर्षी उभी करतात, आणि हरणाऱ्या हॅरॉल्डच्या बाजूनेही लोक हौसेने उभे राहतात. आपण पावनखिंड करतो, पण तिथे कोणाच्या बाजूने उभे राहायचे हा प्रश्नच पडत नाही.

सांगोल्यात तो पडतो. १५ डिसेंबर १७४९ला शाहू महाराज वारले, ताराबाईंचा नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा गादीवर आला. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव पेशव्यांविरुद्ध सांगोल्यात पाय रोवून बसला. रामराजाला बरोबर घेऊन पेशव्यांचा विशीतला चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ चालून आला, ठाणे घेतले, आणि २५ सप्टेंबर १७५०ला तिथेच झालेल्या कराराने छत्रपतींची सत्ता व्यवहारात पेशव्यांच्या हाती गेली. दोन महिन्यांत ताराबाईंनी रामराजाला साताऱ्यात कैद केले. मराठी राज्याचा कणा ज्या गावात दुसरीकडे वळला, त्या गावाच्या वाट्याला एकही वेशभूषा आली नाही. आणि इथेच नाणे बोलते. या करारानंतरही तांब्याच्या शिवराईवर छत्रपतीच राहिला. पेशव्यांच्या मुलखातल्या चांदीच्या रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव होते, मग पुण्याचा अंकुशी रुपया का असेना. सत्ता पुण्याची, तांबे साताऱ्याचे, चांदी दिल्लीची. हा गुंता कोणत्याही मिरवणुकीत दिसत नाही. हातातल्या दोन नाण्यांत तो दिसतो. म्हणून सांगोल्याचा हा प्रवेश भूमिकाखेळ म्हणून उभा करावा, आणि सोबत नाणी मांडावीत.

कोणी म्हणेल, पोरे टोप-अंगरख्याच्या ओढीने तरी इतिहासाकडे येतात, त्यांना अर्धवट उमटलेली अक्षरे देऊन पळवून कशाला लावता? आक्षेप रास्त आहे, पण ओढ लागल्यावर पुढे काय द्यायचे हे ठरवलेच नाही, तर ती ओढ असीरगडच्या शेतात जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १७५०चा प्रवेश उभा केला की छत्रपती विरुद्ध पेशवे हा वाद, आणि त्याच्या आडून जातीचा वाद, चव्हाट्यावर येईल. तो आजही चव्हाट्यावरच आहे, फक्त पुराव्याशिवाय. भूमिका वाटून घेतल्या तर यमाजीच्या हट्टामागचे कारण पेशवाईच्या अभिमान्याला शोधावे लागेल, आणि भाऊची घाई ताराबाईंच्या पक्षातल्या माणसाला. शाहूंच्या पश्चात कर्ज, फौज आणि दरबारातली फाटाफूट यांतून वाट काढणाऱ्यांपैकी कोणालाच पुढचे दिसत नव्हते, हे समजायला दुसरा सोपा मार्ग नाही.

खर्चही फार नाही. माण नदीच्या खोऱ्यातले हे गाव, तालुक्यातले एखादे महाविद्यालय, पाच पात्रे: रामराजा, भाऊ, त्याचा सल्लागार रामचंद्रबाबा शेणवी, यमाजी, आणि साताऱ्याहून निरोप धाडणाऱ्या ताराबाई. प्रत्येकाला त्या दिवशी त्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच लिहून द्यायचे, आणि सही करायची की नाही हे रामराजा झालेल्या मुलावर सोडायचे. समोर तालुक्यातल्याच घरांतल्या शिवराया मांडायच्या, न घासलेल्या, आणि प्रत्येकीखाली ती ज्या गावची त्या गावाचे नाव.