ध्रुव सरकतो म्हणजे नेमकं काय सरकतं?

आजची सुरुवात एका दुरुस्तीने. मागच्या भागात बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो, "बर्फ वितळतोय, म्हणून पृथ्वीचा अक्ष सरकतोय." ते अर्धवट होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. इथे पृथ्वी आणखी कलंडत नाहीये. साडेतेवीस अंशांचा कल, ऋतू, सगळं जागच्या जागी आहे. अवकाशात अक्षाची दिशा तीच राहते, त्याभोवतीचा गोळा मात्र हळूहळू घसरतो. म्हणून नकाशावर ध्रुवाचा बिंदू बदलतो.

का घसरतो? फिरणाऱ्या गोळ्यात जास्तीचं वजन विषुववृत्ताकडे जाऊ बघतं आणि जिथे वजन कमी, ती जागा ध्रुवाकडे. मंगळावरचं थार्सिस हे ज्वालामुखींचं अवाढव्य पठार विषुववृत्ताजवळच आहे. त्याच्या भाराने अख्खा ग्रहच वळला असावा, असं अनेक संशोधक मानतात.

पृथ्वीच्या पोटात वजन हलवतं ते प्रावरण. सुमारे २९०० किलोमीटर जाडीचा हा थर घन खडकाचा, तरी वर्षाला काही सेंटिमीटर वाहणारा. थंड, जड खडक खाली बुडतो, गरम खडक वर येतो.

शिवाय हिमयुगातल्या बर्फाने कॅनडाची जमीन खाली दाबली होती. बर्फ गेला, पण खालचा खडक अजून पूर्ण परतलेला नाही. हडसन उपसागराभोवती जमीन आजही वर्षाला साधारण एक सेंटिमीटर उचलली जाते. तिथे वजनाची तूट आहे, म्हणून ध्रुवाची ओढ त्या बाजूला.

विसाव्या शतकात ध्रुव वर्षाला साधारण १० सेंटिमीटर सरकला. २०१८ मध्ये नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी त्याचा हिशेब मांडला. ग्रीनलँडचा वितळता बर्फ, वर येणारी जमीन आणि प्रावरणातले प्रवाह, तिघांचा वाटा जवळपास सारखा!

मग आपल्याला काय फरक पडतो? फोनमधल्या जीपीएसला पडतो. उपग्रहाची जागा अवकाशाच्या चौकटीत मोजतात, आपली जमिनीच्या. दोन्ही जुळवायला ध्रुव आज कुठे आहे हे लागतंच, नाहीतर हिशेब काही मीटरांनी चुकतो. त्यासाठी त्याची मोजणी सतत सुरू असते.

थोडक्यात, सगळंच सरकणं माणसामुळे नाही, पण सगळंच नैसर्गिकही नाही. मागच्या वेळी मी हे दुसरं टोक विसरलो होतो. भेटू पुढच्या भागात!