जुनी स्कॉर्पिओ घेताना

सातारा-सांगलीकडे जुनी एसयूव्ही म्हटली की आधी स्कॉर्पिओ. गिऱ्हाईक टायर बघतं, किलोमीटर बघतं, सौदा ठरवतं; रिकॉलचं काम झालंय का, हे क्वचितच कुणी विचारतं. महिंद्राने जुलै 2014 मध्ये 23,519 स्कॉर्पिओ ईएक्स परत बोलावल्या होत्या. मे 2012 ते नोव्हेंबर 2013 दरम्यान बनलेल्या या गाड्यांतला दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह बदलून द्यायचा होता, तोही फुकट. पण गाडी दोन-तीन हात फिरली की असा निरोप पहिल्या मालकापाशीच राहतो. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

1 एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला रिकॉलची सक्ती करू शकतं. दंड 1 कोटीपर्यंत. मात्र हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. त्याहून जुनीचं तुमचं तुम्हीच बघायचं.

सस्पेन्शनची खडखड, घसरणारा क्लच, टर्बोच्या पाइपाची गळती या नेहमीच्या तक्रारी. खंबाटकी घाट चढताना त्या कळतात, भावातून वजाही करता येतात. खरी मेख पुराच्या गाडीत. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यात गाड्याही बुडाल्या. चकाचक केलेल्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत मातकट रेघ दिसली तर सरळ माघारी फिरा. आणि एअरबॅग असतील तर चावी फिरवल्यावर त्यांचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कुणीतरी मुद्दाम बंद केलाय अशी शंका घ्या.