तहानलेल्या बागेची कारंजी

व्हर्सायला नदी नाही. पॅरिसजवळची ही मुळात शिकारीची, दलदलीची जागा. १६६१ नंतर चौदाव्या लुईने आंद्रे ल नोत्र याच्या हाती ती सोपवली आणि तिथे अफाट बाग मांडायला घेतली. बाग म्हणजे कारंजी, हा इटलीतून आलेला शिरस्ता. फ्लॉरेन्सहून आलेल्या फ्रान्सिनी घराण्यातले कारंज्यांचे जाणकार राजाच्या पदरी होतेच. प्रश्न पाण्याचा होता, आणि तो राजाच्या हयातीत कधीच पुरता सुटला नाही.

पाहणाऱ्याची नजर अर्थातच पुतळ्यांवर जाते. ज्याँ-बाप्तिस्त त्युबीने घडवलेला अपोलो चार घोड्यांचा रथ घेऊन पाण्यातून वर येतो. तो शिशाचा आहे, वर सोन्याचा मुलामा. शिसे सहज ओतता येते आणि पाण्यात गंजत नाही, म्हणून कारंज्यांतल्या मूर्तींसाठी ते सोयीचे. १६७४ साली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, राजाचा चित्रकार ल ब्रँ याच्या आराखड्यांवरून संगमरवरी मूर्तींचे मोठे काम शिल्पकारांना दिले गेले. ऋतू, प्रहर, खंडे अशा कल्पनांच्या त्या मूर्ती.

मला मात्र सर्वांत भिडते ते लॅटोनाचे कारंजे. मार्सी बंधूंनी ते घडवले. अपोलो आणि डायाना या आपल्या लेकरांना घेऊन वणवणणारी लॅटोना तळ्याकाठी पाणी प्यायला जाते, तर गावकरी चिखल ढवळून तिला अडवतात. शापाने त्यांचे बेडूक होतात. अर्धी माणसे, अर्धे बेडूक असे ते जीव तोंडातून पाणी उडवतात. पाण्यासाठी तळमळणाऱ्या आईची ही कथा अशा बागेच्या मध्यावर उभी आहे, जिच्यासाठी पाणी आणताना माणसे मेली.

उंचावरच्या हौदात पाणी साठवायचे, बिडाच्या नळांतून खाली सोडायचे आणि अरुंद तोटीतून वर उसळू द्यायचे, एवढेच त्यामागचे तंत्र. हौद जितका उंच, तितकी धार उंच. ड्रॅगनच्या कारंज्याची धार सुमारे २७ मीटर चढते. पण हौद भरायचा कसा? आधी जवळच्या तळ्यातून पंपाने पाणी ओढले, मग पठारावरची तळी चरांनी जोडली. तरीही सगळी कारंजी एका वेळी चालवणे परवडेना. राजा फिरायला निघाला, की कारंजेवाले शिट्टीने पुढच्याला इशारा देत. राजा जवळ आला की धारा उसळत, पुढे गेला की मागे बंद होत. बाग कोणत्या क्रमाने पाहावी, याची टिपणे खुद्द लुईने लिहून ठेवली आहेत.

शेवटी सेन नदीकडे वळावे लागले. लिएजकडचा सुतार रेनेकँ स्यूआलेम याने मार्लीजवळ १४ प्रचंड पाणचक्क्या बसवल्या. प्रत्येकीचा व्यास १२ मीटरच्या आसपास. २०० हून जास्त पंप तीन टप्प्यांत पाणी दीडशे मीटरहून उंच चढवत. १६८४ मध्ये ते यंत्र राजासमोर सुरू झाले. लाकडी दांडे आणि साखळ्यांचा खडखडाट दूरवर ऐकू येई, दुरुस्ती सतत चाले. सुतारकामातून आलेल्या माणसाने एवढे यंत्र उभे करावे, याचे मला पुतळ्यांहून अधिक अप्रूप वाटते. पण अपेक्षेइतके पाणी त्यातून मिळाले नाही, आणि त्यातलेही बरेच मार्लीच्या राजवाड्याला जाई.

मग युर नदी वळवण्याचा घाट घातला गेला. १६८५ पासून हजारो सैनिक कालव्यावर आणि मँतनाँच्या जलसेतूवर राबले. तापाने त्यांतले पुष्कळ दगावले. १६८८ मध्ये युद्ध सुरू झाले, काम थांबले ते कायमचे. तीन मजली होणार होता तो सेतू एका मजल्यावरच राहिला. त्याच्या कमानी अजून उभ्या आहेत.

मार्लीच्या मूळ चक्क्या १८१७ मध्ये मोडीत निघाल्या. व्हर्सायमध्ये मात्र सतराव्या शतकातले बिडाचे नळ आजही वापरात आहेत. आता पाणी वाया जात नाही. तेच गोळा करून फिरवले जाते. लॅटोनाचे कारंजे २०१३ ते २०१५ या काळात पूर्ण उकलून दुरुस्त केले, तेव्हा संगमरवर आणि मुलाम्याबरोबर आतली शिशाची नळवाहिनीही जुन्या पद्धतीने पुन्हा जोडली गेली. ते काम व्हर्सायच्या कारंजेवाल्यांनीच केले.