वारेवरची साखर आणि रक्तगटातला ‘एल्स’

या भागाचं हे लेखी रूप, खास एसटीत रेंज गेल्यामुळे अर्धंच ऐकू आलेल्यांसाठी.

विषय घरातूनच आला. राहुरीला चुलत ताईचं डोहाळजेवण होतं. तिथे काकूंनी मला गाठलं. ताईचा रक्तगट ओ, भाऊजींचा बी. “बाळ बी गटाचं निघालं तर हिचं रक्त त्याला चालंल का रं? इंजिनिअर ना तू, बघ की मोबाइलवर.”

बघितलं. दोन रात्री त्यातच गेल्या.

आधी रक्तगट म्हणजे नक्की काय, ते बघू. लाल पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे, पण त्याच कुळातली. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर लागली की झाला ‘एच’. एचवर आणखी एक साखर चढली की ए, दुसरीच कुठली चढली की बी. काहीच चढलं नाही तर ओ. म्हणजे ओ म्हणजे शून्य नाही बरं का, ओ म्हणजे उघडा एच.

याच साखळ्या म्युसिनवरही सापडतात. लाळेला बुळबुळीतपणा देणारी, साखरेने लगडलेली प्रथिनं म्हणजे म्युसिन. गर्भाशयाच्या अस्तरावरही ती असतात.

आता काकूंचा प्रश्न. आईचं आणि बाळाचं रक्त थेट मिसळत नाही. वारेमध्ये बाळाच्या बाजूचे, मुळांसारखे फाटे आईच्या रक्तात बुडालेले असतात. त्यांचं बाहेरचं आवरण बाळाच्याच पेशींचं, पण त्यावर ए, बी, एच यातलं काहीच नसतं! आतल्या रक्तवाहिन्यांवर मात्र असतं. मला हे भारी वाटलं. ओ गटाच्या आईच्या रक्तात बी-विरोधी अँटिबॉडी असतात, पण आवरणावर त्यांना धरायला बी सापडतच नाही. त्यातल्या आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी आकाराने मोठ्या, त्या वार ओलांडत नाहीत. आयजीजी प्रकारच्या ओलांडतात, म्हणून अशा बाळाला कधी कधी कावीळ होते. बहुतेकदा सौम्य असते, डॉक्टर लक्ष ठेवतात.

एवढं सांगून मी सुटलो असतो. पण वाचता वाचता १९५२ सालच्या मुंबईत पोचलो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक असा रक्तगट नोंदवला, ज्यात एचच नाही. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. त्या लेखाच्या लेखकांत इंग्लंडचे मॉर्गन आणि वॅटकिन्सही होते. रक्तगटाची साखर उलगडण्यात या दोघांचा मोठा वाटा, आणि त्यासाठी त्यांनी वापरलं काय, तर अंडाशयातल्या गाठींमधलं म्युसिन! भारतात हा गट साधारण १०,०००त एकाचा, युरोपात १० लाखांत एकाचा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कार्डावर गट लिहिताना अनेकदा दोनच प्रश्न विचारले जातात. ए आहे? बी आहे? दोन्ही नाही, मग ओ. आमच्या भाषेत हा नुसता ‘एल्स’. बॉम्बे गटाचा माणूसही त्याच एल्समध्ये पडतो. पण त्याच्या रक्तात एच-विरोधी अँटिबॉडी असतात. त्याला ओ रक्त चढवलं तर त्या पेशी फुटतात, जिवावर बेततं.

अशी बाई गरोदर असेल तर बाळाला सहसा मोठा धोका नसतो, कारण त्या अँटिबॉडीही मुख्यतः आयजीएम. धोका आईला. बाळंतपणात रक्तस्राव झाला, रात्री दोन वाजता क्रॉसमॅच केलं आणि ओची एकही पिशवी जुळेना, तर? नगरहून पुण्या-मुंबईच्या रक्तपेढ्यांना फोन लावत बसायचं, आणि तिकडे रक्त वाहतंय.

हे आधी कळू शकतं. उलटी तपासणी करायची, म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंग. बाईचा सीरम ओ गटाच्या पेशींत मिसळून बघतात. खऱ्या ओ माणसाच्या सीरमने त्यांच्या गुठळ्या होत नाहीत, बॉम्बेवाल्याच्या होतात. गट बॉम्बे निघालाच, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. दोष आई-वडील दोघांकडून येतो, त्यामुळे प्रत्येक भावंडाचाही तोच गट असण्याची शक्यता निदान चारात एक. रक्तदाता घरातच सापडू शकतो.

ताईची उलटी तपासणी मी हट्टाने करून घ्यायला लावली. ओच निघाली. काकू अजून म्हणतात, “एवढ्यासाठी पोरीला पुन्हा सुई टोचली व्हय?”