पूर्णेत देवमासा का सापडत नाही?

पूर्णा नदीच्या काठावर खूप खोल खणलं, तर जुन्यापुराण्या देवमाशाचं हाड मिळेल का? नाही मिळणार. अगदी जेसीबी लावला तरी नाही!

परभणी जिल्ह्यात विहीर खणताना काय निघतं, आठवा. आधी काळी माती, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड. त्याचं नाव बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. देवमासे त्यानंतर दीडएक कोटी वर्षांनी अवतरले. मग ते या दगडात सापडणार कसे?

आता गंमत ऐका. हाच काळा दगड गुजरातेत कच्छमध्येही आहे. पण तिथे पुढे समुद्र आत शिरला आणि दगडावर गाळ साचत गेला. म्हणजे इमारत एकच, फक्त कच्छमध्ये वर एक मजला जास्त. आणि देवमासे नेमके त्याच मजल्यावर! हरुडी गाव, बाबिया टेकडी अशा ठिकाणी त्यांची हाडं मिळाली. १९७५ मध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी त्यातल्या एकाचं नाव ठेवलं इंडोसिटस.

माझा लाडका मात्र कच्छिसिटस. सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी २००० मध्ये त्याची ओळख करून दिली. लांबुळकं तोंड, बारीक डोळे, लांब दणकट शेपटी आणि चक्क चार पाय! त्या काळच्या देवमाशांत हा अगदी छोटा. सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तो वावरायचा.

चार पाय असलेल्या प्राण्याला देवमासा म्हणायचं तरी कसं? शास्त्रज्ञ त्यासाठी त्याचा कान बघतात. देवमाशांच्या मधल्या कानाभोवतीच्या हाडाची आतली कड खूप जाड असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती तशी नसते.

ही कड एकदा भलत्याच ठिकाणी सापडली. भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटहून आणलेले जीवाश्मांचे खडक वर्षानुवर्षं घरी पडून होते. त्यांच्या निधनानंतर पत्नीनं ते थेविसन यांच्या हाती दिले. प्रयोगशाळेत साफसफाई करताना एक कवटी चुकून तुटली, आणि आत दिसली तीच जाड कड! प्राणी कोण, तर मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा इंडोहायस. देवमाशांशी असलेलं त्याचं जवळचं नातं २००७ मध्ये जगापुढे आलं.

घोट्याच्या हाडानंही साक्ष दिली. गाय, बकरी, डुक्कर यांच्या घोट्यात एक खास हाड असतं, त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांतही तेच हाड मिळालं. त्याआधी काही जण देवमाशांना वेगळ्याच, मांसाहारी कुळातले समजत होते. तो वाद बराचसा निवला. आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा सोयरा आहे पाणघोडा. म्हणजे शार्कपेक्षा गोठ्यातली गाय त्याला कितीतरी जवळची!

मग पूर्णेकरांनी हात चोळत बसायचं का? छे! बेसॉल्टवर नद्यांनी फार उशिरा आणून टाकलेला गाळ आहेच की. गोदावरीच्या खोऱ्यात, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला, अशाच गाळातून नामशेष झालेल्या प्रचंड हत्तीची कवटी निघाली होती. आपली पूर्णा गोदावरीलाच तर मिळते. कधी दरडीत दगडासारखं जड हाड दिसलं, तर ते उपटून घरी नेऊ नका. फोटो काढा आणि सरांना दाखवा. हाड कोणत्या थरात होतं हे कळलं नाही, तर त्याचं वय कोणाला सांगता येईल?