पाळी लवकर का जाते?

सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यात कमरेला फडकं बांधून कापूस वेचणाऱ्या बायांचे पाय दुखणं, अंगावर जाणं, पाळी अवेळी बंद होणं हे दुखणं म्हणून क्वचितच सांगितलं जातं. विदर्भातच, गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांना तपासलं, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या फारच थोड्या आधी डॉक्टरकडे गेल्या होत्या.

या दुखण्यांची मुळं कधी कधी बालपणात असतात. बीजांडांचा साठा मुलगी जन्मतःच घेऊन येते, तो पुढे फक्त आटतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. लहानपणी तिची तीव्र झळ लागलेल्या मुलींची पाळी पुढे इतरांपेक्षा लवकर गेली, असं २००३ मध्ये दिसून आलं. मारहाण, छळ, सततचा धाक यांचा ताणही मेंदू आणि बीजांडकोश यांच्यातल्या संप्रेरकांच्या देवाणघेवाणीत ढवळाढवळ करतो, असं अभ्यासक मानतात.

आपल्याकडे त्यात बालविवाहाची भर. महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कोवळ्या वयात बाळंतपणं, लगेच नसबंदी आणि तिशीतच गर्भपिशवी काढणं, हा क्रम बीडच्या ऊसतोड कामगार बायांमुळे २०१९ मध्ये चर्चेत आला. बीजांडकोश शाबूत ठेवला, तरी अशा शस्त्रक्रियेनंतर रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. मग हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. एवढं शस्त्रक्रियेआधी सांगायला किती वेळ लागतो?